वासाचे साक्षीदार

जळगावात आर्ट्स आणि सायन्सचं नवं कॉलेज निघालं, तेव्हा त्याला इमारत सोडून सगळं होतं. अध्यक्ष होते, दोन उपाध्यक्ष होते, एकमेकांशी न बोलणारे दोन चिटणीस होते, ब्रीदवाक्य होतं आणि ते संस्कृतात असल्यामुळे त्यावर कोणाचा वाद नव्हता. वर्ग एका शाळेत सकाळी भरत आणि शाळेची पोरं यायच्या आत उठत. इतिहास, तर्कशास्त्र वगैरे विषयांचं अशा बिऱ्हाडबाजल्यावर भागतं. रसायनशास्त्राला मात्र नळ लागतो, मोरी लागते, आणि जळलं तरी कोणाच्या जिवाला लागणार नाही असं टेबल लागतं.

ही अडचण झुंबरलाल शेठनी सोडवली. पेठेत त्यांच्या पेढीच्या मागे सरकीचं एक गोदाम रिकामं पडलं होतं. ते त्यांनी प्रयोगशाळेसाठी वापरायला दिलं, आणि विद्यापीठाची कमिटी पाहणीला येईल त्या दिवशी तिच्यासमोर दानपत्रावर सही करीन, असं भर सभेत जाहीर केलं. टाळ्या झाल्या. जागा कॉलेजच्या नावावर असल्याशिवाय कमिटी सायन्सच्या वर्गाला मान्यता देणार नव्हती, आणि मान्यता नाही तर वर्ग नाही. म्हणजे खानदेशातलं रसायनशास्त्र त्या घटकेला झुंबरलाल शेठच्या सहीवर उभं होतं. पण १९५५ साली पुष्कळच गोष्टी कोणा ना कोणा शेठच्या सहीवर उभ्या होत्या, त्यामुळे त्याचं कोणाला विशेष वाटलं नाही.

विशेष वाटलं ते फक्त चुडामण भारंबेला, कारण तो त्या प्रयोगशाळेचा प्रमुख होता. रावेरकडच्या केळीवाल्या घरातला हा पहिला एम.एस्सी. घराणं चार पिढ्यांचं माळकरी. वडील, म्हणजे नाना, दर भेटीत एकच गोष्ट विचारत, ''त्या काचेच्या नळ्यांना घड लागतात का रे?'' चुडामणनं शहरात नोकरी मिळत असताना ती सोडून इथली पत्करली होती, कारण रावेर-यावलची पोरं सायन्स शिकायला पुण्याला जातात आणि तिथून परत येतात ती फक्त जत्रेला, हे त्यानं पाहिलं होतं. हे गोदाम गेलं असतं, तर त्याला नानांच्या प्रश्नाचं उत्तर शोधत केळीच्या बागेत जावं लागलं असतं. आणि नाना बरोबर होते हे मान्य करण्यापेक्षा माणूस काहीही करील.

प्रयोगशाळेत सगळ्यात मानाची वस्तू म्हणजे किपचं उपकरण. काचेचे तीन भोपळे एकावर एक बसवावेत तसं ते दिसे. मुंबईहून ते गवतात बांधून आलं, तेव्हा प्रयोगशाळेचा हमाल झुलाल यानं स्टेशनपासून ते डोक्यावर आणलं, आणि वाटेत दोघांनी त्याला नमस्कार केला. त्याच्या मधल्या भोपळ्यात लोखंड आणि गंधक एकत्र भाजून केलेले काळे खडे टाकायचे, वरून पातळ केलेलं आम्ल सोडायचं, की हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू निघतो. हा वायू एखाद्या क्षाराच्या पाण्यातून सोडला, की पाण्यात कोणता धातू लपलाय ते रंगावरून कळतं. तांबं असेल तर काळा साका, कॅडमियम असेल तर पिवळा, अँटिमनी असेल तर केशरी. इंटरच्या परीक्षेत पोरांना हेच ओळखायचं असे. वायू नाही तर परीक्षा नाही.

वायूत दोन खोड्या होत्या. तो विषारी होता, म्हणून चुडामण खिडक्या सताड उघड्या ठेवी. आणि त्याला वास होता, जो त्या सताड उघड्या खिडक्यांतून पेठेत जाई.

पहिले दोन महिने पेठेनं हा वास गटाराचा मानला. अर्ज गेले, शिष्टमंडळ गेलं, आणि शेवटी एका सकाळी झुलाल धावत आला.

''साहेब, मुन्शिपाल्टीवाला गटार उपसी राहिनात!''

हे गटार स्वातंत्र्य मिळाल्यापासून कोणी उपसलं नव्हतं, ते त्या दिवशी उपसलं गेलं. कॉलेजनं समाजासाठी केलेलं ते पहिलं कार्य. चुडामणनं गप्प बसायला हवं होतं. पण तो विज्ञानाचा माणूस. आपल्या वासाचं खापर नगरपालिकेवर फुटतंय हे त्याला बघवेना. त्यानं पुस्तक उघडलं, त्यातलं वाक्य स्वच्छ मराठीत उतरवलं आणि ठळक अक्षरात पाटी लिहून दारावर टांगली.

'सूचना. या प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या वायूला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. नागरिकांनी घाबरू नये.'

नागरिक तोवर घाबरले नव्हते. पाटी वाचून घाबरले.

विस्तवाशिवाय धूर नाही, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यातलं वाक्य. अंड्याशिवाय अंड्याचा वास येईल कसा, हा प्रश्न पेठेनं त्याच चालीवर सोडवला, आणि कॉलेजच्या तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनीही उत्तर बरोबर असल्याचं सांगितलं. जो वास कालपर्यंत लोक नाकाला उपरणं लावून सोसत होते, तोच आता सोसेना. समोरचे कापडवाले उत्तमचंद दुकानात दोनदा आडवे झाले. शाईदौतींचे व्यापारी रतिलाल यांनी अंडी नेमकी कोणत्या वेळी फोडतात ते बरोबर सांगायला सुरुवात केली. बरं, ही वेळही अशी, की जैनांच्या उपवासांचं पर्व, पर्युषण, सुरू झालेलं. गोदामामागच्या बोळात जैन साधूंचं स्थानक. तिथं रोज प्रवचन, उपवास, आणि वाऱ्याची दिशा नेमकी तिकडची.

झुंबरलाल शेठ स्वतः आले. प्रयोगशाळेचा उंबरा मात्र त्यांनी ओलांडला नाही.

''प्रोफेसरसाहेब, गोदाम मी सायन्ससाठी दिलं होतं. खाणावळीसाठी नाही.''

''शेठ, आत एकही अंडं नाही. हा फक्त तसा वास आहे.''

''पाटी कोणाच्या हातची?''

''माझ्या.''

''मग? माझ्या पेढीवर मी 'इथं भेसळीच्या मालासारखा माल मिळतो' अशी पाटी लावली, तर लोक काय समजतील?''

चुडामणनं दारावरच्या पाटीकडे पाहिलं. शेठना मात्र उत्तर नकोच होतं. त्यांना त्रास होत होता. जागा देताना त्यांना खरंच आनंद झाला होता, आणि आता लोक त्यांनाच नावं ठेवत होते.

''पर्युषणात मी कोणाला कडू बोलत नाही,'' ते म्हणाले. ''संवत्सरी होऊ द्या, पर्व संपू द्या. नंतरच्या रविवारी पेढीवर बसू. पंच जे म्हणतील ते.''

घरी आल्यावर चुडामणनं सगळं बायकोला, सुनंदाबाईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ''मग येतो का तसा वास?''

''कसा?''

''कुजक्या अंड्यासारखा.''

''येतो म्हणजे? प्रत्येक पुस्तकात लिहिलंय.''

''तुम्ही कधी हुंगलंय कुजकं अंडं?''

चुडामणचा घास हातात राहिला. माळकऱ्याच्या घरात जन्म. कॉलेजात असताना ब्राह्मण खाणावळ. लग्न पुन्हा माळकऱ्याच्या घरात. कुजकं सोडाच, त्यानं धड अंडंही जवळून पाहिलेलं नव्हतं.

''नाही,'' तो म्हणाला.

''पुस्तक कोणी लिहिलं?''

''इंग्रजानं.''

''मग त्यानं हुंगलं असेल. त्याची साक्ष तुम्ही कशाला देत बसलात?''

आणि ती पुढची पोळी तव्यावर टाकायला वळली. चुडामणला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. पहिल्या दिवसापासून तो पोरांना बजावत आला होता, 'डोळ्यांनी पाहिलं तेच लिहा, ऐकीव लिहू नका', आणि स्वतः ऐकीव वास दारावर टांगून बसला होता. तुलना करायची तर हातात दोन्ही वास पाहिजेत. एक होता. दुसरा मिळवणं आलं.

स्टेशनाजवळ भिकन नावाचा अंडीवाला टोपली घेऊन बसे. दुसऱ्या दिवशी चुडामणनं त्याच्यासमोरून तीन फेऱ्या मारल्या, ओळखीचं कोणी नाही याची खात्री केली आणि खाली वाकून विचारलं, ''कुजकं आहे का?''

''काय?''

''अंडं. कुजकं पाहिजे.''

भिकननं टोपलीवरचं फडकं ओढून घेतलं. ''साहेब, बारा वरसं झाली या जागी. पोलिसानं शिव्या दिल्या, तिकीट कलेक्टरानं दिल्या. पण असं कोणी बोललं नाही.''

''तसं नाही रे. मला लागतंच कुजकं.''

''कोणावर फेकायचंय? सभा आहे का आज?''

''प्रयोग आहे.''

''माझ्याकडं ताजंच मिळतं,'' भिकन मानी आवाजात म्हणाला. ''ते घेऊन जा, घरी ठेवा आणि कुजवा. तुमचं तुम्ही. माझं नाव नको.''

चुडामणनं एक ताजं अंडं घेतलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि घरी नेलं. सुनंदाबाईनं दारातच हात आडवा केला. देवघर आहे, नाना कधीही येतात, आणि अंडं कुजेपर्यंत सांभाळायचं म्हणजे काय, बाळंतपण आहे का, असं ती म्हणाली. शेजाऱ्यांकडे ठेवता येईना. कॉलेजात ठेवता येईना. शेवटी जळगाव शहरात त्या अंड्याला एकच जागा उरली. ज्या गोदामात एकही अंडं नाही असं त्यानं शेठना तोंडावर सांगितलं होतं, तिथंच त्यानं ते नेलं, एका काचेच्या पेल्यात ठेवून कपाटात बाटल्यांच्या मागे सारलं आणि वर चिठ्ठी चिकटवली, 'अल्ब्युमिन. हात लावू नये.' अंड्यातल्या पांढऱ्याला शास्त्रात अल्ब्युमिन म्हणतात, तेव्हा शास्त्रदृष्ट्या ती चिठ्ठी खरी होती. एवढंच समाधान.

अंडं मात्र कुजेना. चुडामण रोज कपाट उघडून नाक आत घाली. रविवार उजाडला, तरी अंडं गप्पच होतं.

पेढीवर गाद्या घातल्या होत्या. संवत्सरी नुकतीच झाली होती, तेव्हा आधी सगळ्यांनी एकमेकांना हात जोडून 'मिच्छामि दुक्कडं' म्हटलं. कळत-नकळत काही अपराध घडला असेल तर क्षमा असावी, असा त्याचा अर्थ. शेठ चुडामणकडे आले. त्यांनी मनापासून हात जोडले.

''मिच्छामि दुक्कडं, प्रोफेसरसाहेब.''

''मलाही क्षमा असावी, शेठ.''

''झालं. आता गोदाम कधी खाली करताय?''

मधल्या गादीवर शेठच्या आई जतनबाई बसल्या होत्या. पेठ त्यांना बाईजी म्हणे. वय सत्तरीच्या पुढे, गुडघ्यांनी संप पुकारलेला, हातात माळ, आणि डोळे असे, की मोठमोठे दलाल त्यांच्यासमोर भाव सांगताना एकदम खरा सांगत. बाकी पंच होते. पण बाईजी असताना पंच म्हणजे लोणच्याशेजारचं मीठ.

''एकेकानं सांगा,'' जतनबाई म्हणाल्या. ''उत्तमचंद, तुझं दुकान समोर. वास कसला?''

''अंड्याचा, बाईजी! साफ अंड्याचा. कुजक्या!''

''तुला कसं कळलं?''

''कसं म्हणजे... वासावरून.''

''ते झालं. पण अंड्याचाच, हे कशावरून? आधी कुठं घेतला होता?''

उत्तमचंदांची बायको बायकांच्या बाजूला बसली होती. तिनं पदर नीट केला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

''नाही, म्हणजे... खरेदीला मुंबईला जातो ना मी,'' उत्तमचंद म्हणाले. ''तिथं एका इराण्याच्या दुकानावरून...''

''वरून?''

''वरूनच! म्हणजे कधी आत... चहाला. नुसता चहा, बाईजी. पाव पण नाही.''

''मुंबईला जाऊन आले की दोन दिवस अळणी लागतं यांना घरचं,'' त्यांची बायको शेजारणीला म्हणाली, पण तिचा आवाज मुळातच मोठा होता.

''बस खाली,'' जतनबाई म्हणाल्या. ''रतिलाल, तू सांग. तुला तर वेळासुद्धा माहीत आहेत म्हणे.''

रतिलाल उठले, उत्तमचंदांकडे एकदा पाहिलं, आणि रुमाल काढून नाक शिंकरलं.

''मला काय विचारता बाईजी, मला महिनाभर सर्दी आहे. मी तर उत्तमचंदभाईंचं ऐकून बोललो.''

त्यापुढच्या गृहस्थांनाही सर्दी होती. त्यांच्या शेजारच्यांना तर लहानपणापासून वासच येत नव्हता. बघता बघता त्या पेढीवर सर्दीची अशी साथ आली, की डॉक्टर बोलवावा. ज्या वासानं अवघी पेठ आडवी झाली होती, तो घेतलेला एकही माणूस सापडेना. दारात उभ्या झुलाललाही विचारून झालं. तो म्हणाला, ''माले काय इचारतस बाईजी, तपकीर व्हडी व्हडी मना नाक कवयच गये.''

''झुंबर,'' जतनबाई मुलाकडे वळल्या, ''तू?''

शेठ दचकले. ''माँ! मी कसा? पाटीवर लिहिलंय म्हणून म्हणालो.''

''पाटी कोणाची?''

सगळ्यांच्या माना एकदम चुडामणकडे वळल्या. इतक्या आनंदानं माना वळलेल्या त्यानं कधी पाहिल्या नव्हत्या.

''प्रोफेसर,'' जतनबाई म्हणाल्या, ''या सगळ्यांत शिकलेले तुम्ही. तुम्ही घेतलाय का वास, कुजक्या अंड्याचा?''

खोटं बोलायला ही उत्तम वेळ होती. पण चुडामणला ते जमत नसे. प्रयोगात वजन जुळलं नाही, तरी तो न जुळलेलंच लिही.

''नाही, बाईजी.''

''मग लिहिलंत कसं?''

''पुस्तकात होतं.''

आधी जतनबाई हसल्या, मग उत्तमचंदांची बायको हसली, मग ज्यांना सर्दी होती ते सगळे हसले. हसू ओसरल्यावर जतनबाईंनी माळ कनवटीला खोचली आणि हात पुढे केला. ''उठवा मला. आपण स्वतः बघू काय शिजतंय ते.''

कपाटात 'अल्ब्युमिन' होतं.

सगळी पंचायत गोदामात शिरली. जतनबाईंना स्टुलावर बसवलं. चुडामणनं खिडक्या उघडल्या, किपमधले काळे खडे तळहातावर घेऊन दाखवले. ''हे लोखंड आणि गंधक. आणि ही आम्लाची बाटली. बाकी यात काही जात नाही. जीव असलेलं तर काहीच नाही.'' मग त्यानं तीन परीक्षानळ्यांत पाण्यासारखी दिसणारी तीन पाणी घेतली आणि पहिल्या नळीत वायू सोडला.

पाणी एकदम हळदीसारखं पिवळं झालं.

''अरे!'' रतिलाल म्हणाले.

दुसरी नळी केशरी झाली. अशी केशरी, की लग्नातली ओढणी. तिसरीत पांढरं दूध उतरलं. ते जस्त, असं चुडामणनं सांगितलं, पण ऐकायला कोण मोकळं होतं? उत्तमचंद केशरी नळी उजेडात धरून उभे होते.

''प्रोफेसर, हा रंग पक्का का? धुतला तर जात नाही ना?''

''ती अँटिमनी आहे. तिनं कापड रंगवत नाहीत.''

''पण रंगवलं तर? मारवाडात या रंगाला तोड नाही हो.''

''मला दाखव,'' त्यांच्या बायकोनं हातातून नळी काढून घेतली. शेठही चष्मा पुसून पुढे आले होते. उंबऱ्याबाहेरचा माणूस टेबलापाशी कधी पोचला ते त्यांनाही कळलं नव्हतं. ''पुन्हा करा,'' ते म्हणाले. ''ते पिवळं पुन्हा करा.''

चुडामणनं पिवळं पुन्हा केलं. मनात त्याला वाटून गेलं, की जागा गेली तर गेली. जळगावच्या पेठेनं कॅडमियम पाहून 'अरे' म्हटलं, एवढं तरी झालं.

तेवढ्यात जतनबाईंनी हात वर केला.

''थांबा.'' त्यांनी डोळे मिटून घेतले. ''हा वास... झुंबर, इकडं ये. घे बरं.''

''माँ, विषारी—''

''थोडा घे. आठवतं का? तू पाच वर्षांचा होतास. अडावदवरून बैलगाडीनं गेलो होतो.''

शेठनी भीत भीत नाक पुढे केलं. आणि त्यांचा चेहरा पाच वर्षांचा झाला.

''उनपदेव!'' ते ओरडले. ''उनपदेवचं गरम पाणी! तू मला कुंडात बसवलं होतंस!''

''आणि तू गाव गोळा केलं होतंस.''

''पाणी कढत होतं, माँ!''

''गंधकाचं पाणी,'' जतनबाई सगळ्यांना सांगू लागल्या. ''सातपुड्याच्या पायथ्याला देवाचा झरा आहे. तेव्हा पण माझे गुडघे धरले होते. आठ दिवस बसले त्या पाण्यात. परत आले ती चालत आले. तोच वास हा. अंडं म्हणे!''

यानंतर जे झालं त्याला वैद्यकात नाव नाही. पेठेतली सर्दी एका क्षणात बरी झाली. ''मी म्हणतच होतो!'' रतिलाल म्हणाले. ''ओळखीचा वाटत होता!'' उत्तमचंदांनी तर छातीभर श्वास घेतला आणि ठसका लागून बसले. चुडामण 'लांबून, लांबून' म्हणत मधे फिरत राहिला.

''पाटी बदला,'' जतनबाई म्हणाल्या. ''जे कोणी हुंगलंच नाही ते लिहायचं नाही. आणि झुंबर, जागा तुझी नाही. भर सभेत दिलेली वस्तू आपली नसते. कमिटी आली की सही कर.''

''करतो, माँ.''

उठताना त्यांची नजर उघड्या कपाटाकडे गेली. ''ते काय, त्या पेल्यात?''

''अल्ब्युमिन आहे, बाईजी.''

''कशाला लागतं?''

''तुलनेसाठी.''

जतनबाईंनी त्या वर्तमानपत्राच्या पुरचुंडीकडे जरा वेळ पाहिलं, चुडामणकडे पाहिलं, आणि मग गुडघे धरत, पायऱ्यांचं गाऱ्हाणं करत निघून गेल्या.

नवी पाटी लागली: 'येथील वायूस उनपदेवच्या पाण्यासारखा वास येतो.' हिचा परिणाम पहिल्या पाटीपेक्षा वाईट झाला. किप चालू व्हायच्या दिवशी सकाळपासून खिडकीखाली माणसं बसू लागली. जामनेरहून एक म्हातारी डाळ-बट्टी बांधून घेऊन आली. हा वायू विषारी आहे, जास्त गेला तर माणूस दगावतो, असं चुडामणनं ओरडून सांगितलं, तेव्हा औषध कडूच असतं असं उत्तर मिळालं. शेवटी त्यानं वायूला धुराड्याची वाट काढून दिली आणि किप पार कोपऱ्यात नेलं. खिडकीपाशी काही म्हणता काही पोचेना. तरी गुण येतच राहिला. रांग झुलाल सांभाळी. ''गुडघा पुढे करा, नाक मांगे ठेवा!'' असा त्याचा हुकूम होता, आणि रसायनशास्त्राला तो मंजूर होता.

या गडबडीत चुडामण अंडं विसरला. अंडं काही त्याला विसरलं नाही. ऑक्टोबर आला, त्यानं खानदेशी पद्धतीनं भाजून काढलं, दिवाळी झाली, आणि कमिटी आली.

कमिटीत तिघे होते. कमिटीच्या अध्यक्षांच्या काखेत छत्री होती. जळगावात छत्री कशाला, हे त्यांनाच माहीत. कमिटी येणार म्हणून झुलालनं सगळं कपाट रिकामं करून पुसलं होतं आणि बाटल्या परत लावताना 'हात लावू नये' लिहिलेला पेला मोठ्या आदरानं, बोटसुद्धा न लावता, फडक्यात धरून खिडकीच्या कडेवर ठेवला होता. अध्यक्ष तराजू पाहून वळले, काखेतली छत्री वळली, आणि पेला खाली आला.

आवाज लहानच झाला. पण मग जे पसरलं ते लहान नव्हतं.

झुंबरलाल शेठ हात जोडून उभे होते. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. ''उनपदेव,'' ते भाविकपणे म्हणाले. ''आज फार जोरात आहे.''

''वा!'' नाकाला रुमाल लावून अध्यक्ष म्हणाले. ''हायड्रोजन सल्फाइड! एका झटक्यात आमचे इंटरचे दिवस आठवले. तुमचं किप अगदी ऐन भरात आहे, भारंबे.''

''चहानंतर चालू करणार होतो, सर,'' असं चुडामण म्हणणार होता. त्यानं कोपऱ्यात पाहिलं. किपची तोटी बंद होती. वरचा भोपळा रिकामा होता. मग त्यानं खाली पाहिलं, वर्तमानपत्रातून हिरवट काहीतरी बाहेर येत होतं, आणि तिथंच, विद्यापीठाच्या कमिटीसमोर, त्याला इतका आनंद झाला की काय सांगावं. तोच होता! तोच वास! थोडा जास्त भरजरी, मागे आणखी दोन-चार वायू उभे असल्यासारखा, पण मूळ तोच. पुस्तक खरं होतं. त्या इंग्रजानं हुंगून लिहिलं होतं. आणि आता हे वाक्य चुडामण भारंबे कोणाचंही ऐकून न घेता, स्वतःच्या नाकानिशी शिकवू शकत होता.

''झुलाल,'' तो हळूच म्हणाला, ''माती टाक, आणि सगळं उचल. काही विचारू नको.''

''इचारस कोन?'' झुलाल म्हणाला. बोलताना त्यानं तपकिरीची एक चिमूट जास्तच ओढली.

सहीसाठी जतनबाई आल्या. स्टुलावर बसल्या, श्वास घेतला, आणि माळ फिरवणारं बोट थांबलं.

''प्रोफेसर,'' त्या इतक्या हळू म्हणाल्या की फक्त चुडामणनंच ऐकलं. ''हे उनपदेव नाही.''

'कशावरून, बाईजी? आधी कुठं घेतला होता?' हा प्रश्न चुडामणच्या अगदी ओठावर आला. याच पेठेत, याच बाईंनी, सगळ्यांना विचारलेला. जतनबाई त्याच्याकडे पाहत होत्या. तो प्रश्न ओठावर आलेला त्यांना दिसत होता, हे त्यालाही दिसत होतं. सत्तर वर्षांत माणसाच्या आयुष्यात कुठे, कोणत्या गावी, कोणाच्या अंगणात काय होऊन गेलेलं असतं, ते दलालांनासुद्धा कळत नाही.

चुडामणनं ओठ मिटले.

''झुंबर,'' जतनबाई मोठ्यानं म्हणाल्या, ''सही कर. लवकर कर. मला घरी जायचंय.''

शेठनी सही केली. अध्यक्षांनी सही केली. टाळ्या झाल्या, आणि या वेळी त्यामागे दानपत्रही होतं. पायऱ्या उतरताना जतनबाईंनी आधारासाठी चुडामणचा हात धरला.

''ती तुलना का काय होती, झाली?''

''झाली, बाईजी.''

''मग आता पुन्हा आणायचं नाही.''

''नाही.'' तो थांबला, मग त्यानं दोन्ही हात जोडले. ''मिच्छामि दुक्कडं, बाईजी.''

संवत्सरी होऊन किती दिवस लोटले होते. तरी जतनबाईंनी माळेसकट हात जोडले, आणि त्यांच्या तोंडावर पाचसहा वर्षांच्या पोरीचं हसू होतं.

''मिच्छामि दुक्कडं, प्रोफेसर.''

कशाबद्दल, ते दोघांपैकी कोणीच विचारलं नाही.